मेट्रनबाईंचे पाय

मेट्रनबाईंना हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चर्चच्या मंडळीतला त्यांचा वचक होता तसाच होता. "मेट्रनबाई आल्या" एवढं कानावर पडलं की तरण्याताठ्या पोरी बाकावर सावरून बसत आणि लहान मुलं नाकातलं बोट बाहेर काढत. बाईंनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. नुसतं बघायच्या. पण ते बघणं असं, की समोरच्याला आपली चादर चुरगळलेली आहे असं वाटायला लागायचं, मग तो भर रस्त्यात का उभा असेना.

आता या मंडळीची एक रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी हे लोक एकमेकांचे पाय धुतात. येशूने, तो पकडला जाण्याच्या आधी, आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, आणि तुम्हीही असंच करत जा म्हणून सांगितलं होतं, म्हणून. पुरुष मोठ्या सभागृहात, बायका बाजूच्या खोलीत. दोघी-दोघींची जोडी लागते. एकीने बाकावर बसायचं, दुसरीने गुडघे टेकून तिचे पाय टबात धुवायचे, टॉवेलने पुसायचे, मग अदलाबदल, आणि शेवटी एकमेकींना मिठी मारायची. रीत सरळ आहे, पण माणसं थोडीच सरळ असतात! आदल्या दिवशीच सगळ्याजणी टाचा घासून, नखं कापून, क्रीम चोळून तयार. पाय धुवायला यायचं ते पाय धुवून. घड्याळजीची बायको एकदा घाईघाईत तशीच आली, तर तिने आधी नळावर जाऊन पाय स्वच्छ केले आणि मगच धुवून घ्यायला बसली. शेवटी टबातलं पाणी इतकं निर्मळ राहायचं, की त्यात भाजी धुवावी.

या सगळ्याचा कारभार मेट्रनबाईंकडे. पाणी त्या तापवणार, कोपर बुडवून ते फार कडक नाही ना हे त्या बघणार, टॉवेलच्या घड्या त्यांच्या, टबांची रांग त्यांची. एखादी बाई जोडीवाचून उरली तर तिचे पायही त्याच धुणार. मात्र त्यांना स्वतःला बाकावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हटलंच, "बाई, या ना, तुमचे धुते," तर उत्तर ठरलेलं: "मला पाणी बघायचंय." आणि त्या पाण्याकडे निघून जायच्या. जणू पाणी पळून जाणार होतं!

लोकांनी याचा अर्थ काय लावावा? जो लावायचा तोच लावला. केवढी नम्र बाई. दुसऱ्यांसाठी राब राब राबते, स्वतःसाठी कधी टेकत नाही.

त्या रविवारी तर पाळकसाहेबांनी कमाल केली. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तरुण, मनाने चांगले, पण बोलायला लागले की त्यांना स्वतःच्या आवाजाची गोडी लागते. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणून विषय ख्रिस्ताच्या नम्रतेचा. "तो देव होता," पाळकसाहेब म्हणाले, "थोडासा नव्हे, अर्धामुर्धा नव्हे, पूर्ण देव. ज्याच्या शब्दाने आकाशात तारे लागले तो. पण त्याने आपलं देवपण मुठीत आवळून धरलं नाही. तो खाली आला, दास झाला, कमरेला टॉवेल बांधून कोळ्यांचे चिखलाचे पाय त्याने हातात घेतले. आणि अशी नम्रता आज डोळ्यांनी बघायची असेल ना, तर फार लांब जायला नको. आपल्या मेट्रनबाईंकडे बघा."

झालं. सगळ्या माना वळल्या. बाईंचे कान तापले. त्यांनी डावा पाय हळूच बाकाखाली आत ओढून घेतला.

कारण त्या पायाचं गुपित होतं. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, एक जखम होती. बाईंना साखरेचा आजार होता आणि पावलांची जाणीव कधीचीच गेली होती. काही टोचलं, रुतलं, भाजलं, तरी पायाला त्याची खबर नाही. आता पाय दुमडून तळवा समोर घेणंही होत नसे, म्हणून रोज सकाळी जमिनीवर आरसा ठेवून, खुर्चीत बसून, त्यात बघत बघत त्या लांब चिमट्याने पट्टी बदलायच्या. वास येऊ नये म्हणून मोज्यावर कोलनवॉटर शिंपडायच्या. वॉर्डात असे रोगी त्यांनी किती पाहिले होते, आणि किती झापले होते! "लाज कसली वाटते? लाजेपायी पाय घालवाल!" आणि त्यातल्या काहींचे पाय खरोखरच गेले होते. तेव्हा आपलं पुढे काय होणार, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग हॉस्पिटलात जायला काय धाड भरली होती? तर तिथे आता मेट्रनच्या खुर्चीत बसलेली बाई यांच्याच हाताखाली शिकलेली. हिला त्यांनी एकदा सगळ्या वॉर्डासमोर पट्टी बांधायला लावून चारदा सोडायला लावली होती. तिच्यासमोर जाऊन मोजा काढायचा? आणि म्हणायचं काय, की मला माझाच पाय सांभाळता आला नाही? छे. त्यापेक्षा आरसा बरा.

आणि दुसऱ्या कुणाला सांगावं, तर सांगायला होतं कोण? एकटी होती हो बाई. साफ एकटी. लग्न केलं नाही, वॉर्ड हाच संसार. दोन खोल्यांचं घर, तेही इतकं टापटीप की त्यात कुणी राहतं असं वाटू नये. रेडिओ दिवसभर चालू, ऐकायला नाही, आवाजाला. शेजाऱ्याच्या दाराची बेल वाजली तरी या उठून आपलं दार उघडून बघायच्या. एकदा एका भलत्याच माणसाचा रॉंग नंबर लागला, तर बाईंनी त्याच्या खोकल्याची चौकशी करून त्याला दोन वेळा वाफ घ्यायचं कबूल करायला लावलं, आणि त्याने फोन ठेवल्यावर त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं. ज्या बाईंनी हजारो अंगं पुसली, त्यांच्या अंगाला मात्र कधीपासून कुणाचा हात लागला नव्हता. पाय धुणं संपून बायका मिठ्या मारायला लागल्या, की बाईंच्या दोन्ही हातांवर ओल्या टॉवेलचा ढीग असायचा. मिठी मारणार कुठून?

नात्याचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं. धाकट्या भावाची बायको. आणि तिने बाईंशी बोलणं टाकलं होतं.

ते असं झालं. भाऊ आजारी पडला तो शेवटचाच. बाईंनी त्याला आपल्या घरी आणला, खोलीचा वॉर्ड केला, औषधं, पाणी, कूस बदलणं, सगळं घड्याळावर. भावजय शिवणकाम करायची, मशीन बंद ठेवून रोज येऊन बसायची. पण ती नवऱ्याच्या कपाळाला हात लावायची आणि रडायची, चमचा धरायची आणि सांडायची. बाईंना ते सहन होईना. "अगं, रडून त्याला त्रास होतो. बाहेर बस जरा. मी आहे ना." शेवटच्या दुपारीही हेच म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. भाऊ गेला तेव्हा त्याच्याजवळ बहीण होती. बायको पलीकडे, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, आता आत बोलावतील म्हणून वाट बघत बसली होती. अंग पुसणं, केस विंचरणं, सगळं उरकूनच बाईंनी दार उघडलं. त्यांना वाटलं, आपण तिचं ओझं हलकं केलं. भावजयीने नवऱ्याकडे बघितलं, मग नणंदेकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, त्यांचं तोंडसुद्धा पुसायचं माझ्यासाठी ठेवलं नाहीत." त्यानंतर ती या मंडळीत आली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि तिकडच्याच उपासनेला जायला लागली.

बाई पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिल्या, की मी काय वाईट केलं? सेवाच केली ना? पण हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावा लागतो तेव्हा त्यात काहीतरी काळंबेरं असतं, हे त्यांनाही कळत होतं.

प्रभुभोजनाच्या दिवशी सकाळी त्यांनी आरशात बघितलं, तर जखमेची कडा काळी पडली होती. त्या बघतच राहिल्या. मग नवी पट्टी बांधली, मोजा चढवला, जरा जास्तच कोलनवॉटर शिंपडलं आणि निघाल्या. पाणी कोण तापवणार?

खोलीत बायकांचा नेहमीचा कलकलाट होता. पाळकीणबाई जोड्या लावत होती. पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांची बायको, लगबगीची, हसरी, सगळ्यांच्या घरी जाऊन येणारी. तिलाच ही बुद्धी सुचली असणार. कारण टबात पाणी ओतता ओतता बाईंनी वर बघितलं, तर दारात भावजय उभी. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, हातात पर्स घट्ट धरलेली.

"या ना, या," पाळकीणबाई म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुम्ही याल म्हणून! आता जोडी... अगं बाई, सगळ्यांच्या लागल्या की. तुम्ही एकट्याच उरलात." आणि निष्पापपणे वळून म्हणाली, "मेट्रनबाई, यांचे तुम्ही धुवाल?"

निष्पाप कसली, चांगली पोचलेली होती! पण ते असो.

बाईंनी टॉवेल उचलला. दुसरं करणार काय? भावजय बाकावर बसली. बाकाचा कठडा धरून बाई कशाबशा गुडघ्यांवर आल्या. भावजयीचे पाय क्रीमबिम काही न लावलेले होते, टाचांना भेगा होत्या, शिलाई मशीनचं पायडल मारून मारून एक अंगठा वाकडा झालेला. बाईंनी ते पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवून नीट पुसले, अगदी वॉर्डातल्यासारखे. मग बाई उठल्या आणि टब उचलायला वाकल्या.

"आता तुम्ही बसा," भावजय म्हणाली.

"मला पाणी बघायचंय."

"पाणी कुठे जात नाही. बसा, वन्सं."

"अगं, मी कधी बसत नाही. विचार हवं तर कुणालाही."

"विचारलंय," भावजय म्हणाली. "सगळ्या तुमचं कौतुक करतात. फार नम्र आहात म्हणे."

कलकलाट कमी होत होत थांबला. बायका पाय पुसता पुसता ऐकायला लागल्या. पलीकडे पुरुषांचं आटोपलं होतं, त्यांनी गाणं धरलं होतं.

"हे बघ," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "उगाच तमाशा नको. चल, आत जाऊ. भाकर मांडून ठेवलीय."

"मी उठणार नाही." भावजयीने पुसलेले पाय पुन्हा टबात ठेवले. "तुम्ही बसेपर्यंत मी इथून हलणार नाही. तेव्हा बाहेर बस म्हणालात, बसले. आता नाही ऐकायची."

दारावर टकटक झाली. पाळकसाहेबांचा आवाज आला, "झालं का गं? सगळे थांबलेत."

"थांबू देत जरा," पाळकीणबाईने आतूनच सांगितलं, आणि नवऱ्याच्या तोंडावर कडी घातली.

बाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांच्या नुसत्या बघण्याने पोरी गार पडायच्या, तसं त्यांनी भावजयीकडे बघितलं. काही उपयोग झाला नाही. ती वर मान करून शांतपणे बसलेली.

"मला नाही चालत कुणी माझे पाय धुतलेले," बाई शेवटी म्हणाल्या. "माझा स्वभावच नाही तो. मी करणारी आहे. करून घेणारी नाही."

"हो का?" भावजय म्हणाली. "येशू देव होता ना? रविवारच्या शाळेत मुलांकडून तुम्हीच घोकून घेता. पूर्ण देव. मग बाळ होता तेव्हा त्याचं ढुंगण कोणी पुसलं? आईनेच ना?"

कुणीतरी "अगं बाई!" केलं. घड्याळजीच्या बायकोने तोंडाला टॉवेल लावला.

"हसू नका, खरं तेच बोलतेय. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं. मोठा झाल्यावर कुणाच्या तरी घरी जेवायला गेला, तर एक बाई आसवांनी त्याचे पाय धुवायला लागली. त्याने पाय मागे घेतले? राहू दे, मला माझं माझं जमतं, असं म्हणाला? मेल्यावरही दुसऱ्यांनीच क्रुसावरून खाली उतरवला आणि कापडात गुंडाळला. देवाला हे सगळं चाललं, वन्सं. तुम्हाला चालत नाही. मग तुम्ही कोण?"

आयुष्यभर बाईंना वाटत आलं होतं, की त्या कहाणीत आपण टॉवेल बांधून गुडघे टेकणाऱ्याच्या बाजूला आहोत. आणि आता भर खोलीत, सगळ्या बायकांसमोर, त्यांच्या ध्यानात आलं की आपण तर पेत्र आहोत. पाय पोटाशी ओढून घेऊन, माझे नको, माझे कधीच नको, म्हणणारा तो शिष्य. आणि त्याला येशू काय म्हणाला होता ते त्यांना तोंडपाठ होतं. मी धुतले नाहीत तर तुझा माझा संबंध काही नाही. हे त्यांनी किती मुलांकडून घोकून घेतलं होतं, पण आपल्याला कधी लावून बघितलं नव्हतं. जो देव होता त्याने स्वतःला दुसऱ्यांच्या हाती सोपवलं. दोन खोल्यांत रॉंग नंबरची वाट बघणाऱ्या मेट्रनबाई मात्र कुणाच्या हाती लागायला तयार नव्हत्या. ही कसली नम्रता? हा तर देवापेक्षाही ताठ कणा झाला.

त्या बाकावर बसल्या.

"डावा नको," त्या पुटपुटल्या. "डाव्याला... तिथे जखम आहे."

भावजय खाली उतरली. तिने आधी उजवा धुतला, पुसला. मग डाव्याचा बूट काढला आणि मोजा हळूहळू खाली सोडवला. कोलनवॉटरचा वास आला आणि त्याच्यामागून दुसरा वास आला. घड्याळजीच्या बायकोने तोंडाचा टॉवेल खाली घेतला.

"पाणी लावू नकोस," बाई म्हणाल्या. "आधी कडेची चिकटपट्टी सोडव, मग मधली..."

"शिकवू नका," भावजय म्हणाली. तिची बोटं शिवणाऱ्या बाईची. टाका उसवावा तशी तिने पट्टी सोडवली आणि बघितलं. तिने तोंड वाकडं केलं नाही. मान वर न करताच तिने विचारलं,

"किती दिवस झाले हे?"

"पुष्कळ."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगू?" बाईंचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "कोण आहे मला? सांग ना, कोण आहे?"

पाळकीणबाई कडी काढून बाहेर गेली. "गाडी काढा," ती नवऱ्याला सांगत होती, "भाकर नंतर. आधी हॉस्पिटल." पलीकडचं गाणं बंद पडलं.

"त्या दिवशी तुला आत घ्यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या घशात होतं आणि आता ते अगदी साधंच निघालं. "मी दार लावून घेतलं. तो माझा पेशंट नव्हता. तुझा नवरा होता."

"हो," भावजय म्हणाली. "घ्यायला हवं होतं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तसलं काही पटकन म्हणता येत नाही आणि तिने ढोंगही केलं नाही. तिने स्वच्छ टॉवेल घेतला, जखमेवर सैल गुंडाळला, आणि तो काळा पडत चाललेला पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांत धरून बसली. तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

मेट्रनबाई त्या हातांकडे बघत होत्या. हात त्यांच्या घोट्याखाली होते, घट्ट, दोन्ही बाजूंनी. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना धरलं होतं, आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. नुसतं दिसत होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाकडे बघावं तसं.

"मला समजत नाहीये गं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या बायकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, ओठ काढून रडायला लागल्या. "तू धरलंयस ते मला काही समजतच नाहीये."

भावजयीने वर बघितलं. मग एक हात पायावरच ठेवून दुसरा वर सरकवला. घोट्याला धरलं.

"इथे?"

बाईंनी मान हलवली. नाही.

हात आणखी वर आला, नडगीवर. "इथे?"

"नाही."

हात आणखी वर सरकला. गुडघ्याच्या थोडा खाली थांबला आणि तिने पोटरीला घट्ट पकडलं. हात पाण्याने ओला होता, गार होता, बोटांना सुयांचे घट्टे होते.

बाईंनी बाकाचा कठडा धरला.

"इथे," त्या म्हणाल्या. "हां. इथे कळतंय."

"मग इथे धरते," भावजय म्हणाली.